आपले पाहणे, आपले शब्द : पाचवी ते सातवीच्या मुलांना लेखन शिकवताना

स्मरणिकेत शाळेच्या इमारतींची, निकालांची आणि देणगीदारांची नोंद होते, व ती व्हायलाच हवी. वर्गात दर आठवड्याला चालणाऱ्या काही कामांची नोंद मात्र कोठेच राहत नाही. मुलांना लिहायला शिकवणे हे त्यांपैकी एक काम. अक्षर वळणदार काढणे किंवा फळ्यावरचे उत्तर वहीत उतरवून घेणे, एवढाच लिहिण्याचा अर्थ आम्ही येथे घेत नाही. स्वतः पाहिलेले, ऐकलेले, सोसलेले किंवा मनात रचलेले स्वतःच्या शब्दांत कागदावर मांडणे, या अर्थाने आम्ही लेखन हा शब्द वापरत आहोत. शाळेत भाषा शिकवणारे आम्ही शिक्षक गेली काही वर्षे पाचवी ते सातवीच्या वर्गांत हे काम जरा निराळ्या रीतीने करीत आलो आहोत. ती रीत कोणती, ती का स्वीकारावी लागली आणि तीत पालकांचा व माजी विद्यार्थ्यांचा वाटा कोणता, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

एका निबंधाचे गुण

आरंभ आमच्याच चुकीपासून करणे उचित होईल. काही वर्षांपूर्वी सहावीच्या सहामाही परीक्षेत 'माझी आजी' हा निबंध होता. एका विद्यार्थ्याने लिहिले होते की, आजी म्हणजे मायेचा सागर. ती चष्मा लावून जाडजूड ग्रंथ वाचते, अंगणातील फुलझाडांना पाणी घालते आणि रात्री नातवंडांना पऱ्यांच्या गोष्टी सांगते. हस्ताक्षर सुंदर, शुद्धलेखन निर्दोष. आम्ही दहापैकी नऊ गुण दिले. त्या मुलाची आजी त्याच्या जन्माआधीच वारली होती, हे त्याच्या वडिलांकडून पुढे कळले. निबंध बाजारात मिळणाऱ्या पुस्तकातून पाठ केलेला होता, आणि त्याच वर्गातील आणखी सात जणांनी तोच लिहिला होता.

त्याच गठ्ठ्यात दुसरी एक उत्तरपत्रिका होती. तीत निबंध असा नव्हताच. चारदोन ओळी होत्या :

"मुकादम उचल ठरवायला आला की आजी चष्मा काढून ठेवती. तिला वाटतं चष्मा दिसला तर तो म्हणंल म्हातारीला दिसत न्हाई, हिचा अर्धा कोयता बी धरणार न्हाई. चहा देताना ती कप हातात देत न्हाई, खाली ठेवती. कारण तिचं हात थरथरत्यात."

आम्ही 'ठेवती', 'म्हणंल', 'न्हाई' हे शब्द लाल शाईने अधोरेखित केले, 'मुद्दे अपुरे' असा शेरा मारला आणि चार गुण दिले. ऊसतोडीच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्या मजुराला अर्धा कोयता, आणि उचल त्या हिशेबाने ठरते, हे ज्यांच्या घरातून माणसे कारखान्याला जातात त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्यापैकी शहरातून आलेल्या एका शिक्षकाला मात्र ते ठाऊक नव्हते. 'अर्धा कोयता' या शब्दांपुढे त्याने प्रश्नचिन्ह काढून ठेवले होते.

निकालाच्या कामात एका सहकाऱ्याने शिक्षककक्षात दोन्ही निबंध मोठ्याने वाचले. आठवडा उलटल्यावरही दुसरी आजी आम्हा सर्वांच्या डोळ्यांपुढे होती. पहिल्या आजीविषयी एकही गोष्ट कोणास आठवेना. तरीही आम्ही गुण बदलले नाहीत. पुढील चाचणीत 'माझी आई' हा विषय आला, तेव्हा चार गुण मिळवणाऱ्या त्या मुलाने पुस्तकातील निबंध पाठ करून लिहिला व त्याला आठ गुण मिळाले. आपल्या घरातील गोष्ट कागदावर आणण्याच्या योग्यतेची नसते, हा धडा तो आमच्याकडून शिकला होता. ही गोष्ट आम्हांला जी बोचली, तिच्यातून पुढील सारे बदल सुरू झाले.

मुलांच्या लेखनाची आपल्याकडील वाट

या विचारात नवीन असे काही नाही. आपल्याच भूमीत याचा एक जुना व भक्कम दाखला आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्रात मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या या मुलीचे वय तेव्हा सुमारे चौदा वर्षांचे होते. धर्म आमचा की तुमचा, हा थोर प्रश्न तिने विचारला, म्हणून तो निबंध आजही वाचला जातो. वर्गात वाचताना मुलांचे लक्ष मात्र आणखी एका जागी थांबते. आपल्या वस्तीतील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते आणि थंडीपावसात त्यांचे हाल होतात, असे ती लिहिते. अन्याय हा शब्द कितीही वेळा लिहिला असता तरी छप्पर नसलेल्या त्या घराने जे दाखवले, ते दिसले नसते. तिने ते पाहिले होते, आणि शाळेने तिला ते लिहू दिले.

दुसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या इंग्रजी आठवणींत १९०१ सालच्या एका प्रवासाचे वर्णन आहे. वडील गोरेगावला नोकरीस होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे वडीलबंधू व बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली. मसूर स्थानकावर न्यायला कोणीच आले नाही, कोणी गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे आणि बैलगाडी मुलांनीच हाकायची, असे ठरले. बरोबर खायला होते, प्यायला पाणी मिळेना. ही हकीकत आम्ही सातवीच्या वर्गात सांगतो आणि मग विचारतो : या हकिकतीचा आरंभ बाबासाहेबांनी कशापासून केला असेल? मुले 'अपमानापासून', 'तहानेपासून' असे सांगतात. प्रत्यक्षात तो प्रवासाच्या आनंदापासून आहे. नवे शिवलेले सदरे, झगमगीत टोप्या, नवे जोडे, काठाची धोतरे यांचे वर्णन आधी येते. त्या नव्या कपड्यांतील मुले आपल्याला आधी दिसतात, म्हणून पुढे त्यांना पाणी नाकारले जाते तेव्हा वाचणाऱ्याच्या घशाला कोरड पडते. 'मला फार वाईट वाटले' हे वाक्य लिहिण्याआधी काय होते आणि काय घडले ते लिहावे, ही शिकवण या दोन दाखल्यांतून मुलांना लवकर उमगते.

हेच वय का

पाचवीत येईपर्यंत मुलाचा हात लिहिण्यास सरावलेला असतो. प्रत्येक अक्षरासाठी त्याला थांबावे लागत नाही. 'कारण', 'तरीही', 'इतक्यात' अशा शब्दांनी दोन घटना जोडणे त्याला जमू लागते. दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल, याचा अंदाज तो घेऊ लागतो. त्याचबरोबर आणखी एक गोष्ट याच वयात सुरू होते, ती म्हणजे लाज. दहा वर्षांचे मूल घरचे वाटेल ते सांगते. तेरा वर्षांचे मूल आजूबाजूला पाहून मग सांगते. आपले कपडे, आपली बोली, वडिलांचे काम यांची इतरांशी तुलना सुरू होते. म्हणून सांगण्याची सवय या दोन-तीन वर्षांतच लागावी लागते. ती एकदा लागली की पुढे आठवी-नववीतील संकोचातही टिकून राहते, असा आमचा अनुभव आहे.

निवासी शाळेत याला आणखी एक बाजू आहे. येथे मूल घरापासून दूर असते. घरी असताना जे रोजचे म्हणून दिसत नव्हते, ते दुरून दिसू लागते : आईचा खोकला, दाराची कडी लावण्याचा आवाज, शेजारच्या म्हातारीची हाक. वसतिगृहातील पहिल्या महिन्यात मुलांना घरची आठवण फार येते. पूर्वी आम्ही त्यांचे मन दुसरीकडे वळवत असू. आता त्यांना कागद देतो.

टिपणवही

पहिली पायरी म्हणजे टिपणवही. मागील वर्षीच्या वह्यांतील कोरी पाने काढून मुलेच ती शिवतात. सायंकाळच्या अभ्यासिकेआधी दहा मिनिटे मिळतात. त्यांत दिवसभरात पाहिलेली, ऐकलेली किंवा वास आलेली एक गोष्ट लिहायची. एक ओळ चालते. दोन ओळींचे बंधनही नाही. नियम एवढाच की 'छान', 'सुंदर' आणि 'मजा आली' हे तीन शब्द टिपणवहीत वापरायचे नाहीत.

हा नियम मुलांना प्रथम जाचक वाटतो. पाचवीतील एका मुलाने 'आज जेवण छान होते' असे लिहिले. छान का होते, असे विचारल्यावर त्याने दुसऱ्या दिवशी लिहिले : "आमटी वाढताना मावशींनी पळी पातेल्याच्या तळापर्यंत नेली, म्हणून माझ्या ताटात डाळ आली." वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला हे वाक्य वाचून हसू येईल आणि त्या मावशींचा हातही दिसेल. 'छान' या शब्दामागे काय होते, ते मुलाने शोधून काढले. लेखनशिक्षणाचा बराचसा भाग या शोधण्यातच आहे.

टिपणवही शिक्षक तपासत नाहीत. मुलाला हवे असल्यास तो दाखवतो. आठवड्यातून एका तासिकेला मुले आपापली वही चाळतात आणि मोठे लिहिण्यासाठी त्यांतील एक टिपण निवडतात. 'काय लिहू?' हा निबंधाच्या तासाचा नेहमीचा प्रश्न त्यामुळे बराच कमी झाला आहे.

विषय लहान करणे

पाठ केलेले निबंध येतात, त्याचा दोष केवळ मुलांचा नसतो. आमचे विषयच इतके मोठे व गुळगुळीत होते की त्यांची उत्तरे पुस्तकात तयार मिळत. ज्याचे उत्तर त्या एकाच मुलाला ठाऊक आहे असा प्रश्न विचारला, तर पुस्तक उपयोगी पडत नाही. म्हणून आम्ही विषय असे बदलले :

'माझी आई' याऐवजी 'आई कामावरून आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काय काय करते?'

'पावसाळ्यातील एक दिवस' याऐवजी 'आमच्या घरात पाऊस कोठून येतो?'

'माझा आवडता सण' याऐवजी '१४ एप्रिलच्या आदल्या रात्री आमच्या वस्तीत कोण कोण जागे असते?'

'माझी शाळा' याऐवजी 'वसतिगृहात आलो त्या दिवशी माझ्या पिशवीत काय होते व ते कोणी भरले?'

शेवटच्या विषयावर एका वर्षी सदतीस मुलांनी लिहिले आणि सदतीस पिशव्या वेगवेगळ्या निघाल्या. कोणाच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी होती, कोणाच्या पिशवीत थोरल्या भावाचा नाव खोडलेला डबा. एकीने लिहिले की, पिशवी वडिलांनी भरली, कारण आई भरायला बसली की रडे.

लिहिताना मूल अडले की आम्ही तीनच प्रश्न विचारतो : 'मग काय झाले?', 'तुला ते कसे कळले?' आणि 'तेव्हा कोण काय म्हणाले?' पहिल्या प्रश्नाने घटना पुढे सरकते, दुसऱ्याने मूल आपल्या पाहण्याकडे परतते, तिसऱ्याने माणसे बोलू लागतात. हेच तीन प्रश्न मुले पुढे एकमेकांना विचारू लागतात. तेव्हा शिक्षकाचे काम अर्धे होते.

कल्पनेचे व्याकरण

केवळ पाहिलेलेच लिहायचे, असा आमचा आग्रह नाही. मुलांना रचायलाही आवडते. याबाबतीत जानी रोदारी या इटालियन बाललेखकाच्या १९७३ सालच्या 'कल्पनेचे व्याकरण' या अर्थाच्या पुस्तकाचा आम्हांला फार उपयोग झाला. परस्परांशी संबंध नसलेले दोन शब्द एकत्र आणले की त्यांच्या टकरीतून गोष्ट सुचते, असे रोदारी सांगतो. कुत्रा आणि कपाट हे त्याचे उदाहरण. हे दोन शब्द निरनिराळ्या शब्दयोगांनी जोडून पाहायचे आणि कोणता जोड गोष्टीकडे नेतो ते शोधायचे.

मराठीत या खेळासाठी विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये आयतीच हाताशी आहेत. दोन डब्यांतून दोन चिठ्ठ्या काढायच्या. एकदा 'बोगदा' आणि 'भाकरी' हे शब्द आले. फळ्यावर मुलांनी जोड्या लावल्या : बोगद्यातली भाकरी, भाकरीचा बोगदा, बोगद्यासाठी भाकरी, भाकरीपलीकडचा बोगदा. एका मुलीने 'भाकरीचा बोगदा' निवडला. शिळ्या भाकरीतून मुंग्यांनी रस्ता खणला, पलीकडे टोलनाका बसवला आणि टोल म्हणून साखरेचा एक कण ठरवला. ज्या मुंगीकडे साखर नव्हती तिला भाकरीला वळसा घालून जावे लागले. गोष्ट कल्पनेतील होती, तरी वळसा घालून जाणे तिने कोठेतरी पाहिलेले होते. शिवाय त्या दिवशी विभक्तीचा पाठ वेगळा घ्यावा लागला नाही. 'चा' आणि 'साठी' यांनी अर्थ किती बदलतो, ते सर्वांच्या ध्यानात राहिले.

'समजा...' हा दुसरा खेळ. समजा, शाळेची घंटा एके दिवशी वाजलीच नाही तर? समजा, सर्वांच्या सावल्या तासाभरासाठी बदलून गेल्या तर? अट अशी की पहिली अशक्य गोष्ट मान्य केल्यावर पुढचे सर्व सुसंगत हवे. मनाला येईल ते लिहिणे आणि कल्पना लढवणे यांतील अंतर मुलांना या अटीमुळे समजते.

सर्वांनी मिळून लिहिणे

काही मुलांना एकट्याने लिहिण्याचे भय वाटते. त्यांच्यासाठी, आणि खरे तर सर्वांसाठीच, एकत्र लेखनाची एक पद्धत आम्ही घेतली आहे. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची छोटी वस्ती आहे. लोरेंझो मिलानी या धर्मगुरूने तेथे शेतकऱ्यांच्या मुलांसाठी शाळा चालवली. सरकारी शाळांनी नापास करून घरी पाठवलेली मुले तेथे येत. त्या शाळेतील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेला उद्देशून दीर्घ पत्र लिहिले. गरिबांची मुले शाळेबाहेर का फेकली जातात, याचा हिशेबच त्यांनी त्यात मांडला. ते १९६७ साली प्रसिद्ध झाले. मराठीत 'प्रिय बाई' या नावाने ते उपलब्ध असून पालकांनी अवश्य वाचावे.

त्या मुलांची लेखनपद्धती साधी होती. सुचेल तो मुद्दा वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचा. पुष्कळ चिठ्ठ्या जमल्या की त्या पसरून सारख्या मुद्द्यांचे ढीग करायचे. ढिगांचे परिच्छेद होतात. मग दुबार आलेले, खोटे वाटणारे आणि अवघड शब्द काढून टाकायचे. शेवटी तो मजकूर बाहेरच्या माणसांना वाचून दाखवायचा आणि त्यांना जे कळले नाही ते पुन्हा लिहायचे.

आमच्या सातवीच्या मुलांनी या पद्धतीने, शाळेच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंतच्या अंधाऱ्या वाटेबद्दल पत्र लिहिले. शंभरावर चिठ्ठ्या जमल्या. 'आम्हांला फार भीती वाटते' असे लिहावे की नाही, यावर अर्धा तास वाद झाला. एक मुलगा म्हणाला, "भीतीचं काय सांगायचं, सर? गेल्या पावसाळ्यात तिघांचे पाय मुरगळले, ते लिहू." तेच लिहिले गेले. पत्र शाळेतील शिपाईमामांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांना एक परिच्छेद समजला नाही. तो मुलांनी पुन्हा लिहिला. दिवे बसायला पुढे चार महिने लागले. परंतु आपण लिहिलेले कोणीतरी वाचते आणि त्याला उत्तर द्यावे लागते, हे मुलांनी पाहिले.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा

येथे पालकांच्या मनात एक रास्त शंका येते. 'मुलाला शाळेत घातले ते शुद्ध बोलावे, लिहावे म्हणून. तुम्हीच बोलीत लिहू दिले तर तो मागे नाही का पडणार?' या शंकेला टाळून चालणार नाही. प्रमाणभाषा मुलाला यायलाच हवी. अर्ज, परीक्षा, मुलाखत, वृत्तपत्र, कायदा या सर्वांची भाषा ती आहे, आणि तिच्यावर आपल्या मुलांचा इतरांइतकाच हक्क आहे. ती न शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय ठरेल.

पण ती शिकवताना घरची भाषा चुकीची ठरवण्याचे कारण नाही. वर्गात आम्ही एक साधा व्यवहार पाळतो. पात्रे बोलतात ती त्यांच्या बोलीत, अवतरणचिन्हांत. लेखक सांगतो ते प्रमाणभाषेत. आजी 'न्हाई' म्हणत असेल, तर अवतरणात 'न्हाई'च यावे. पुढे तेच वाक्य मुले प्रमाणभाषेत लिहून पाहतात व काय मिळाले, काय गेले याची तुलना करतात. असे केल्याने प्रमाणभाषा अधिक लवकर येते, कारण दोहोंतील फरक मुलांच्या डोळ्यांपुढे असतो. ज्या बोलीला शाळेत लाल रेघ मिळत असे, तीच पुढे मराठी साहित्यात मानाने आली. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ साली, बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' १९८६ साली पुस्तकरूपाने आले. या पुस्तकांची नावेच बोलण्याच्या भाषेतील अनुस्वार घेऊन उभी आहेत. बेबीताईंनी फलटणजवळ निंबुरे येथे निवासी शाळाही चालवली, ही गोष्ट आपणा सर्वांस जवळची वाटावी अशी आहे.

तपासणे

आता आम्ही प्रत्येक लेखन दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात हातात पेनच नसते. वाचून झाल्यावर समासात पेन्सिलीने एक प्रश्न लिहितो : 'आजीने चष्मा कोठे ठेवला?' असा. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मूल पुन्हा लिहिते. शुद्धलेखन दुसऱ्या वाचनात, आणि एका वेळी एकच नियम. एका पंधरवड्यात शब्दाच्या शेवटी येणारे इकार-उकार पाहायचे, पुढच्या पंधरवड्यात अनुस्वार. मुले जोडीने एकमेकांच्या वह्या तपासतात. ज्या पानावर वीस लाल खुणा असतात त्या पानावरून मूल काहीच शिकत नाही. एका नियमाच्या चार खुणा मात्र ते लक्षात ठेवते.

सर्वच लेखन पक्के करण्याची सक्ती नाही. चार खर्ड्यांपैकी एक मुलाने निवडायचा आणि तो भित्तिपत्रकासाठी स्वच्छ लिहून काढायचा. वर्षअखेरीस हस्तलिखित निघते. त्यातील काही लेखन मुले 'किशोर' मासिकाकडेही पाठवतात. छापून आले नाही तरी पाकिटावर पत्ता लिहिण्याचा सराव होतो, असे आम्ही त्यांना गमतीने सांगतो.

परीक्षेचे काय? परीक्षेतील निबंध, पत्र, बातमी व मुद्द्यांवरून गोष्ट यांचे साचे आम्ही वेगळ्या तासिकेत शिकवतो आणि ते साचे आहेत असे स्पष्ट सांगूनच शिकवतो. स्वतःचे लिहिण्याची सवय झालेल्या मुलाला साच्यात चार खऱ्या गोष्टी भरणे जड जात नाही.

जे वाचून दाखवायचे नाही

या कामात एक जोखीम आहे, आणि तीही येथे सांगितली पाहिजे. मूल खरे लिहू लागले की सुखाबरोबर दुःखही लिहिते. एका वर्षी एका मुलाचे घरच्या त्रासाविषयीचे लेखन आम्ही कौतुकाच्या भरात, त्याला न विचारता, सर्वांपुढे वाचले. टाळ्या झाल्या. त्यानंतर ते मूल पूर्ण सत्रभर टिपणवहीत केवळ तारीख लिहीत असे. अधिक तपशील देणे योग्य होणार नाही.

तेव्हापासून नियम असा की, ज्या पानाचा कोपरा दुमडलेला आहे ते पान शिक्षकाशिवाय कोणी वाचायचे नाही. आणि कोपरा दुमडलेला नसला तरी विचारल्याविना काहीही वाचून दाखवायचे वा भिंतीवर लावायचे नाही. त्याचबरोबर मुलांना आरंभीच सांगतो : तुझ्या किंवा दुसऱ्या कोणाच्या सुरक्षिततेची गोष्ट असेल, तर ती आम्हांला गुप्त ठेवता येणार नाही, आम्ही अधीक्षकांशी बोलू, पण त्याआधी तुझ्याशी बोलू. लेखनाचा तास हा उपचाराचा तास नव्हे. परंतु मुलाने विश्वासाने दिलेला कागद गुणांसाठी किंवा टाळ्यांसाठी वापरायचा नाही, एवढे शिक्षकाच्या हाती असते.

पालकांस व माजी विद्यार्थ्यांस

पालकांकडे आमचे मागणे थोडे आहे. मुले सुट्टीत घरी येतील तेव्हा प्रश्न विचारतील : आजोबांनी गाव केव्हा सोडले, विहीर कोणी खोदली, तुमचे लग्न कसे ठरले. 'तुला काय करायचे आहे?' असे म्हणून त्यांना गप्प करू नये. ज्यांना लिहितावाचता येत नाही, त्यांनी सांगावे. मूल लिहून घेईल. वही दिसली तर मुलाच्या अनुमतीने वाचावी, आणि चुका काढण्याआधी 'पुढे काय झाले?' असे विचारावे.

माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा येऊन आपल्या वेळच्या वसतिगृहातील एक दिवस मुलांना सांगावा. भाषण नको, त्या दिवशी ताटात काय होते, दिवे केव्हा गेले, कोण रडले, कोण हसले ते सांगावे. मुले ते टिपून घेतील आणि पुढच्या हस्तलिखितात आपली शाळा अधिक जुनी व अधिक खरी दिसेल.

लेखाच्या आरंभी दिलेल्या आजीविषयीच्या ओळी लिहिणारा विद्यार्थी आज नोकरीत आहे. त्या ओळी येथे छापण्यास त्याने अनुमती दिली. त्याने तीन अटी घातल्या : नाव छापू नये, 'न्हाई' हा शब्द सुधारू नये, आणि तेव्हा मिळालेल्या चार गुणांचा उल्लेख अवश्य करावा. तिन्ही अटी आम्ही पाळल्या आहेत. आजी आता नाही. तिचा चष्मा त्याच्याकडे आहे, एवढे त्याने फोनवर सांगितले. ते लिहून काढ, असे आम्ही त्याला म्हणालो आहोत.